विरुद्धार्थी शब्दांचा तक्ता घ्यावा, की फुकटचा कोश उघडावा?

डावीकडे 'बिग', उजवीकडे 'स्मॉल', मध्ये फुली. इंग्रजी 'ऑपोझिट वर्ड्स'चा हा रंगीत तक्ता शालेय पुस्तकांच्या दुकानात हमखास टांगलेला असतो. त्याचीच मोठी भावंडं म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या कपाटातल्या, शेकडो जोड्या भरलेल्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका. त्यांच्या समोर आता चार फुकटची साधनं उभी आहेत: ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज हे संकेतस्थळ, मेरियम-वेबस्टरचा थिसॉरस (समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचा कोश), गुगलच्या शोधात दिसणारी कोशाची चौकट आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचं वर्डनेट, म्हणजे अर्थाच्या नात्यांनी शब्द जोडणारं जाळं. आधी निकाल सांगतो. दुसरीपर्यंतच्या मुलाला तक्ता पुरतो. पाचवीपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत ऑक्सफर्डचं संकेतस्थळ पहिलं, मेरियम-वेबस्टर दुसरं. गुगलची चौकट घाईच्या वेळी. वर्डनेट शिक्षकांसाठी आणि भाषेची खोड असलेल्यांसाठी.

तक्ता कुठे कमी पडतो, हे विकत घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या दोन मिनिटांत कळतं. त्यावर 'ओल्ड' शोधा. समोर फक्त 'न्यू' असेल तर अर्धी जोडी गेली, फक्त 'यंग' असेल तर उरलेली अर्धी. मराठी मूल इथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत असतं. जुना × नवा आणि म्हातारा × तरुण या दोन जोड्या त्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत. इंग्रजीत मात्र दोन्हींची डावी बाजू एकच शब्द सांभाळतो. मग 'शॉर्ट' बघा. बुटका माणूस आणि आखूड दोरी दोन्ही 'शॉर्ट', पण उलट जाताना माणूस 'टॉल' होतो आणि दोरी 'लाँग'. याच ठिकाणी मराठीकडून येणारा खड्डाही आहे. आपल्या 'उंच'ला इंग्रजीत 'टॉल' आणि 'हाय' असे दोन शब्द आहेत. माणूस, झाड, इमारत 'टॉल'. डोंगर, भिंत, छत 'हाय'. म्हणून 'हाय मॅन' चुकतं, आणि 'हाय वॉल'च्या उलट 'शॉर्ट वॉल' नाही, 'लो वॉल' येते.

तिसरी परीक्षा 'रफ'ची. तक्त्यावर बहुतेक 'स्मूथ' असेल. खरखरीत भिंतीसाठी ते बरोबर आहे. पण खवळलेल्या समुद्राच्या उलट 'काम', म्हणजे शांत. 'रफ एस्टिमेट'च्या उलट 'एग्झॅक्ट'. आणि रफ वहीच्या उलट फेअर वही, हे तर शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. एका शब्दाला चार उलटे निघाले, कारण उलटा शब्द शब्दाला चिकटलेला नसतो, त्याच्या त्या वेळच्या अर्थाला चिकटलेला असतो. शेजारी कोणतं नाम आहे, यावर तो ठरतो. कडक चहा 'स्ट्राँग टी', त्याच्या उलट पाणचट तो 'वीक टी'. पण 'स्ट्राँग विंड'च्या उलट 'वीक विंड' कुणी म्हणत नाही, तिथे 'लाइट विंड' येतो. 'लाइट' मग पिशवीला लागला की समोर 'हेवी', रंगाला लागला की समोर 'डार्क'. 'ड्राय'च्या उलट 'वेट' खरं, पण वाइन 'ड्राय' असेल तर समोर 'स्वीट' असते. (ड्राय डेच्या उलट काय, हा प्रश्न शाळेच्या तक्त्याबाहेरचा.)

चौथी परीक्षा सगळ्यात कडक. तक्त्यात किंवा पुस्तिकेत 'हेल्पफुल × हेल्पलेस' अशी जोडी आहे का पाहा. असेल तर ती खाली ठेवा. 'हेल्पफुल' म्हणजे मदतीला येणारा, 'हेल्पलेस' म्हणजे असहाय; हे एकमेकांच्या उलट नाहीत. 'हेल्पफुल'च्या उलट 'अनहेल्पफुल'. 'केअरफुल × केअरलेस', 'यूसफुल × यूसलेस', 'पेनफुल × पेनलेस' या जोड्या चोख असल्यामुळे '-फुल' काढून '-लेस' लावला की काम झालं, असा समज होतो आणि तिथेच घसरगुंडी लागते. 'शेमफुल' म्हणजे लाजिरवाणं, 'शेमलेस' म्हणजे निर्लज्ज, दोन्ही शिव्याच. 'प्राइसलेस' तर उलट दिशेला पळतो: किंमत नसलेलं नाही, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. हे मराठी वाचकाला एका शब्दात समजतं, कारण आपला 'अमूल्य' तसाच आहे. 'अ' लागला म्हणून मोल गेलं नाही, वाढलं. 'व्हॅल्युएबल'ला 'इन' लावून होणारा 'इनव्हॅल्युएबल' याच घरातला. आणि पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं ते 'पेटत नाही' म्हणून नव्हे. 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोघांचा अर्थ पेट घेणारं हाच. उलट हवं असेल तर 'नॉन-फ्लेमेबल'.

आता ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज. ज्या कोशातून हे संकेतस्थळ उभं राहिलं तो इंग्रजीचे शिक्षक हॉर्नबी यांचा विद्यार्थी-कोश पहिल्यांदा जपानमध्ये १९४२ साली छापला गेला. इंग्रजी परकी म्हणून शिकणाऱ्यांसाठीच तो बेतलेला होता, आणि तो हेतू आजही पानापानावर दिसतो. 'हार्ड' शोधला की अर्थ क्रमांकाने उतरतात, आणि ज्या अर्थाला उलटा शब्द आहे त्या अर्थाच्याच ओळीत 'ऑपोझिट' अशी खूण करून तो दिलेला असतो. कठीण दगडाच्या अर्थाजवळ 'सॉफ्ट', अवघड प्रश्नाच्या अर्थाजवळ 'ईझी'. छापील आवृत्तीत हीच खूण तीन अक्षरांत उरकलेली असते. तक्ता जे करू शकत नाही ते नेमकं हेच. शिवाय उलट नसलेल्या, पण शिकणाऱ्याने शेजारी ठेवून पाहाव्यात अशा शब्दांना 'कम्पेअर' ही वेगळी खूण मिळते. ही दोन लेबलं एक समजू नका.

शोधताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, शब्दाची जात. 'हार्ड' विशेषण आणि 'हार्ड' क्रियाविशेषण यांची पानं वेगळी आहेत. 'ही वर्क्स हार्ड' यातला 'हार्ड' विशेषणाच्या पानावर शोधला तर हाती काहीच लागत नाही. (आणि 'हार्डली' हा तिसराच प्राणी: तो 'जेमतेम', 'क्वचितच'. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम करतच नाही म्हणा ना.) दुसरी, पहिल्या अर्थावर थांबायचं नाही. आपल्या वाक्यातलं नाम ज्या उदाहरणात किंवा त्याच्या जवळपास दिसतं, तिथपर्यंत खाली जायचं. तिसरी, 'ऑपोझिट'ची खूण नसेल तर व्याख्येत 'नॉट' किंवा 'विदाउट' शोधायचा. 'रॉ'ची व्याख्या 'नॉट कुक्ड', 'सिंगल'ची 'नॉट मॅरिड'; उलटा शब्द व्याख्येतच लपलेला असतो. 'फ्रेश'च्या बाबतीत हा उपाय फार कामाचा. ताजी भाजी म्हणजे गोठवलेली, वाळवलेली किंवा डबाबंद नसलेली, असं व्याख्याच सांगते, म्हणजे एका फटक्यात तीन उलटे मिळाले. पावाचा 'फ्रेश' मात्र 'स्टेल'समोर उभा राहतो, आणि पाण्याचा 'फ्रेश' खाऱ्यासमोर. आपणही गोडं पाणी आणि खारं पाणी म्हणतोच, तिथे 'शिळं पाणी' वेगळं. चौथी, उलटी फेरी. मिळालेल्या शब्दाचं पान उघडून तो परत आपल्या शब्दाकडे येतो का पाहायचं. रंगाच्या अर्थाने 'लाइट'वरून 'डार्क'कडे आणि 'डार्क'वरून पुन्हा 'लाइट'कडे येता आलं की जोडी पक्की.

'कच्चा' हा या साऱ्याचा मराठी नमुना. कच्चा आंबा, कच्चं मांस, कच्चा रस्ता, कच्ची नोंद. इंग्रजीत पहिला 'अनराइप', दुसरं 'रॉ'. त्यांचे उलटे 'राइप' आणि 'कुक्ड'. मराठीतून विचार करून 'पक्का'चा एकच इंग्रजी शब्द शोधायला निघाल्यास चारही ठिकाणी हसं होतं. म्हणून मराठी-इंग्रजी कोशातून उलटा शब्द काढू नये. आधी मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ पक्का करावा, मग इंग्रजी-इंग्रजी कोशातच उलट वळावं.

संकेतस्थळाचे दोष आहेत. प्रत्येक अर्थाला 'ऑपोझिट' दिलेला नाही, आणि जिथे नाही तिथे तो नसतोच असं नव्हे. जाहिराती मध्ये येतात, मोबाइलवर जास्तच. व्याख्या सोप्या इंग्रजीत असल्या तरी इंग्रजीतच. पाचवीच्या मुलाशेजारी मोठं माणूस बसावं लागतं. मराठी कुठेच नाही. आणि सुरुवातीचा कल ब्रिटिश इंग्रजीकडे, म्हणजे आपल्या शाळांना चालणारा, पण अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईबापांनी उच्चाराचा दुसरा, अमेरिकन स्पीकर दाबावा.

मेरियम-वेबस्टरच्या थिसॉरसचा बाज वेगळा. इथे एका शब्दाचे अर्थ 'ॲज इन' अशा ओळीने वेगळे केलेले असतात, आणि प्रत्येकाखाली समानार्थी शब्दांची आणि मग विरुद्धार्थी शब्दांची रांग. अडचण त्या दुसऱ्या रांगेच्या शीर्षकातच आहे: विरुद्ध आणि जवळपास विरुद्ध असे दोन्ही गट आजघडीला एकत्र दिले जातात. 'हॉट'समोर 'कोल्ड' आणि 'कूल' शेजारी बसले की नवशिक्याला दोन्ही सारखेच वाटतात. तसे ते नाहीत. उलट्या जोड्यांना तीव्रता असते, आणि दोन्ही बाजूंची तीव्रता जुळली पाहिजे. 'हॉट'ला 'कोल्ड', 'वॉर्म'ला 'कूल', 'बॉयलिंग'ला 'फ्रीझिंग'. 'बिग'ला 'स्मॉल', पण 'ह्यूज'ला 'टायनी'. आपणही प्रचंडसमोर इवलासा ठेवतो, नुसता लहान नाही. परीक्षेतल्या चार पर्यायांत दोन बऱ्यापैकी उलट वाटत असतील, तर बहुधा तीव्रताच निवाडा करते. म्हणून मेरियम-वेबस्टर उमेदवार शब्द गोळा करायला वापरावा आणि निवड ऑक्सफर्डवर जाऊन करावी. उलट क्रमाने केलं तर वेळ जातो.

गुगलमध्ये शब्दापुढे 'मीनिंग' लिहिलं की येणाऱ्या चौकटीत अर्थाखाली 'सिमिलर' आणि 'ऑपोझिट' अशी छोटी बटणं दिसतात. मजकूर ऑक्सफर्ड लँग्वेजेसचा असतो, पण तो विद्यार्थी-कोश नव्हे. शब्द बरोबर असतात. रोजचा कोणता आणि पुस्तकी कोणता, हे मात्र उमगत नाही. घाईला ठीक.

वर्डनेटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण उलटेपणा नेमका काय असतो हे त्याच्याइतकं कुणी उघड केलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने प्रिन्स्टनमध्ये १९८५ साली हे काम सुरू झालं, ३.० आवृत्तीत १,१७,६५९ अर्थगट, म्हणजे एकाच अर्थाच्या शब्दांचे गट, आहेत. त्यातली विशेषणं जोड्यांच्या भोवती बांधलेली आहेत. 'वेट' आणि 'ड्राय' हे दोन खांब. 'डॅम्प', 'मॉइस्ट' हे 'वेट'भोवती, 'ॲरिड', 'पार्च्ड' हे 'ड्राय'भोवती. 'डॅम्प'ला स्वतःचा सरळ उलटा नाही, तो 'वेट'च्या खांद्यावर चढून 'ड्राय'पर्यंत पोचतो. शिवाय उलटेपणा तिथे अर्थाअर्थांत नव्हे, शब्दाशब्दांत मानला आहे: 'राइज × फॉल' जोडी, 'असेंड × डिसेंड' जोडी, अर्थ तेच असले तरी 'राइज × डिसेंड' ही जोडी कानाला खटकते. आपल्याकडे चढ-उतार म्हणतात, चढ-घसरण म्हणत नाहीत, तसंच. याच धाटणीचं मराठी वर्डनेट आयआयटी मुंबईत तयार झालं आहे. पण विद्यार्थ्याने अभ्यासाला इथून सुरुवात करू नये. पडद्यावर दिसतं ते सांगाडा, मांस नाही.

साधन कुठलंही असो, उपसर्गांचा भाग स्वतःच करावा लागतो, आणि तिथे नियम आहेत. लॅटिन वळणाच्या विशेषणांना 'इन' लागतो आणि पुढच्या अक्षराप्रमाणे तोंड बदलतो. 'पी', 'बी', 'एम'पूर्वी 'इम': इम्पॉसिबल, इमॉरल. 'एल'पूर्वी 'इल': इललीगल. 'आर'पूर्वी 'इर': इर्रेग्युलर. संस्कृतातून आलेला आपला 'अ' स्वरापूर्वी 'अन्' होतो, अशक्य पण अनुचित, त्याची आठवण ठेवली तर हे रूप बदलणं परकं वाटत नाही. 'अन' मात्र बदलत नाही, म्हणून 'अनपॉप्युलर', 'अनबिलीव्हेबल', 'अनलॉफुल' असेच राहतात. कुठल्या शब्दाला 'अन' आणि कुठल्याला 'इन', हे शेवटी पाठच करावं लागतं. त्यातली खरी खोच अशी की विशेषणाचा उपसर्ग नामाला चालेलच असं नाही:

'एबल'चं 'अनएबल', पण 'एबिलिटी'चं 'इनएबिलिटी'. आणि 'एनेबल' या क्रियापदाचं 'डिसेबल'.
'इक्वल'चं 'अनइक्वल', पण 'इक्वॉलिटी'चं 'इनइक्वॉलिटी'.
'जस्ट'चं 'अनजस्ट', पण 'जस्टिस'चं 'इनजस्टिस'.
'स्टेबल'चं 'अनस्टेबल', पण 'स्टेबिलिटी'चं 'इनस्टेबिलिटी'.

'मिस' हा उपसर्ग उलटा करत नाही, चुकीचा करतो. 'मिसअंडरस्टँड' म्हणजे न समजणं नव्हे, भलतंच समजणं. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांची गल्लत इंग्रजांकडूनही होते: जपून लिहिणारे पहिला निःपक्षपाती माणसासाठी राखतात, दुसरा रस नसलेल्यासाठी. 'इमॉरल' नीतीविरुद्ध वागणारा, 'अमॉरल' नीतीचं भानच नसलेला. या जोड्या पुस्तिकांत सर्रास एकाच फुलीने उरकलेल्या असतात.

वापराच्या बाबतीत सगळ्या साधनांत ऑक्सफर्ड पुढे आहे, कारण उलटा शब्द बदलला की त्याच्या मागची रचनाही बदलते आणि ती तिथे ठळक अक्षरांत दिलेली असते. 'एन्करेज समबडी टू डू' पण 'डिस्करेज समबडी फ्रॉम डूइंग'. 'परस्वेड' 'टू' घेतो, 'डिस्वेड' 'फ्रॉम'. 'सक्सीड इन डूइंग', पण 'फेल टू डू'. 'प्राउड ऑफ'च्या उलट 'अशेम्ड ऑफ', तिथे सुदैवाने बदल नाही. मराठी माणसाची ठरलेली अडचण 'लेंड' आणि 'बॉरो'. आपण 'उसने' हा एकच शब्द ठेवून 'देणे-घेणे' जोडतो. इंग्रजीत देणाऱ्याचं क्रियापद वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं. 'लेंड टू', 'बॉरो फ्रॉम' असे शब्दयोगी अव्ययासकट पाठ केले की दिशा चुकत नाही. 'ॲक्सेप्ट'समोर आमंत्रणाला 'डिक्लाइन', प्रस्तावाला 'रिजेक्ट'. 'ॲडमिट'समोर गुन्ह्याच्या बाबतीत 'डिनाय', दवाखान्याच्या बाबतीत 'डिस्चार्ज'.

जोडशब्दी क्रियापदांत तर 'अप'ची उलट 'डाउन', 'ऑन'ची 'ऑफ' असं धरून चालणारा तोंडावर पडतो. कपडे 'पुट ऑन', त्याच्या उलट 'टेक ऑफ'. विमान 'टेक ऑफ' करतं, त्याच्या उलट 'लँड'. गाडीत 'गेट इन', 'गेट आउट'; बसमध्ये 'गेट ऑन', 'गेट ऑफ'. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे तो वाजतो, थांबत नाही. 'स्लो अप' आणि 'स्लो डाउन' दोन्ही एकच. आणि दिवा 'ओपन' किंवा पंखा 'क्लोज' होत नाही: 'टर्न ऑन', 'टर्न ऑफ'. ही चूक आपल्या 'बंद कर'मधून येते, जो दारालाही चालतो आणि दिव्यालाही.

'नॉट' लावून काम भागवू पाहणाऱ्यांसाठी एक कसोटी. 'नॉट डेड' म्हणजे 'अलाइव्ह'च, मधली जागा नाही. 'नॉट हॉट' म्हणजे 'कोल्ड' नव्हे, मध्ये 'वॉर्म' आणि 'कूल' बसलेले आहेत. 'नॉट अनहॅपी' म्हणजे आनंदी नव्हे, बरा आहे इतकंच. शब्दाआधी 'व्हेरी' नीट लागतो का पाहा: 'व्हेरी हॉट' चालतं, 'व्हेरी डेड' विनोदाखेरीज चालत नाही. लागत असेल तर मधली जागा आहे, आणि 'नॉट'वर विसंबू नये.

वहीत चार रकाने पुरतात: शब्द, सोबतचं नाम, उलटा शब्द, मागचं शब्दयोगी अव्यय. दिवसाला पाच ओळी. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीला, किंवा केंद्र सरकारी नोकरभरतीच्या स्टाफ सिलेक्शन परीक्षेतल्या इंग्रजीला, दोनशे नुसत्या जोड्यांपेक्षा अशा साठ ओळी जास्त टिकतात. परीक्षेत पर्याय खोडताना आधी शब्दाची जात जुळत नाही तो काढावा, मग मुद्दाम पेरलेला समानार्थी काढावा, उरलेल्या दोघांत तीव्रता पाहावी.

तक्ता आधीच घेतला असेल तर फेकू नका. प्रत्येक जोडीशेजारी एक नाम लिहा: 'हार्ड'च्या डोक्यावर दगड, 'लाइट'च्या डोक्यावर पिशवी. दुसरा अर्थ सापडला की खाली दुसरी ओळ. 'बॉय × गर्ल', 'किंग × क्वीन' या जोड्यांवर काट मारायला हरकत नाही. त्या लिंगाच्या पाठातल्या आहेत, चुकून इकडे आल्या आहेत. अजून घ्यायचा असेल तर लॅमिनेशन नसलेला घ्या, चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही.